वाचकांचे प्रश्न : चार वर्षांचा 'दानदेश' आणि त्याचा शहजादा

मागच्या अंकात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर लेख छापला होता, त्यात जाता जाता एक ओळ होती की गड घेतल्यावर अकबराने खानदेशचं नाव बदलून दानदेश केलं, मुलाच्या नावावरून. गडाबद्दल दोनच पत्रं आली आणि त्या एका ओळीवर ढीगभर. काहींनी तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो 'खानदेशचा विसरलेला राजपुत्र' वाला फॉरवर्ड पण पाठवलाय. तर या वेळचं सदर सगळं दानियालवरच.

प्रश्न (रावेरचे एक वाचक) : भाऊ, हा दानियाल नक्की कोण? आम्हाला शाळेत सलीम शिकवला, हा कधी ऐकलाच नाही. आणि त्याने खरंच आपल्याकडे राज्य केलं का?

अकबराचे तीन मुलगे मोठे झाले, सलीम, मुराद आणि दानियाल. दानियाल धाकटा, सप्टेंबर १५७२ मध्ये अजमेरला जन्मला, तिथल्या दर्ग्याचा सेवेकरी शेख दानियाल याच्या घरी, म्हणून तेच नाव ठेवलं. तान्हा असतानाच त्याला आमेरला राजा भारमलच्या राणीकडे सांभाळायला दिलं होतं, म्हणजे सुरुवातच राजपूत घरातली.

आता तिघं भाऊ कसे होते तर सलीमला गादीची घाई, मुरादला दारूचा नाद, आणि दानियालला दोन्हीत उशिरा एन्ट्री मिळाली असं म्हणू. दख्खनच्या मोहिमेवर १५९३ ला आधी दानियालचंच नाव काढलं होतं पण मग बापाचा विचार बदलला आणि मुराद आला. मुरादने १५९५-९६ ला अहमदनगरला वेढा घातला, चांदबिबीने त्याला दाद दिली नाही, शेवटी वऱ्हाड घेऊन तडजोड केली आणि १५९९ ला तो दारूनेच गेला, तिशीच्या आत. मग ती रिकामी झालेली जागा दानियालला मिळाली. सोबत कोण, तर अब्दुर्रहीम खानखानान, तेच ते दोहेवाले रहीम, ज्यांची मुलगी जानान बेगम ही दानियालची बायको. हे सासरा-जावई प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑगस्ट १६०० ला अहमदनगरचा किल्ला पडला, चांदबिबी त्याआधीच स्वतःच्याच लोकांच्या हातून मारली गेली होती. जानेवारी १६०१ ला असीरगड पडला. मग अकबराने खानदेश, वऱ्हाड आणि नगरचा जिंकलेला तुकडा असं सगळं दानियालच्या ताब्यात दिलं, मुक्काम बुऱ्हाणपूर. म्हणजे हो, राज्य केलं, पण सुभेदार म्हणून, आणि तेही जेमतेम चार वर्षं. रावेरकरांनो, तुमच्याकडून बुऱ्हाणपूर किती लांब ते मी सांगायला नको, आज मध्ये स्टेटची बॉर्डर आलीय पण तेव्हा ती खानदेशची राजधानी होती.

प्रश्न (शिरपूर तालुक्यातले वाचक) : आमच्याकडे थाळनेरला फारुकींचे मकबरे आहेत. ते लोक तर दोनशे वर्षं इथे होते आणि मुघलांना सामील होते असं वाचलं. मग अकबराने त्यांनाच का खाल्लं?

हा खरा प्रश्न आहे भो, आणि याचं उत्तर समजलं की दानियालच्या वाट्याला काय आलं ते आपोआप समजतं.

फारुकी म्हणजे मुघलांआधी खानदेशवर राज्य करणारं घराणं. त्यांचा पहिला मलिक राजा, १३८२ च्या सुमाराला थाळनेरला बसला. तापीचा उतार हातात असला की वरून माळव्यातून येणारा आणि खालून दख्खनमधून जाणारा असे दोघंही हातात, एवढं साधं गणित. त्याच्या मुलाने असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर वसवलं. पण राज्य छोटं, इकडे गुजरात, तिकडे माळवा, खाली निजामशाही, त्यामुळे फारुकींनी दोनशे वर्षं एकच काम केलं, ज्याचं पारडं जड त्याच्याशी गोड राहायचं.

शेवटचा हुशार फारुकी राजा अली खान, याने ओळखलं की आता मुघलांशिवाय पर्याय नाही आणि तो त्यांच्या बाजूने गेला. फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ आष्टीला मोठी लढाई झाली, एका बाजूला खानखानान आणि राजा अली खान, दुसऱ्या बाजूला विजापूरचा सुहेल खान आणि सोबत नगर, गोवळकोंडा. राजा अली खान आपल्या माणसांसकट लढत मेला. संध्याकाळी अंधारात कोणाला काही कळेना, मुघल सैन्यात अफवा पसरली की खानदेशवाले पळाले किंवा फुटले, आणि मुघलांनी काय केलं तर त्याचाच तळ लुटला! दुसऱ्या दिवशी रणात त्याचं प्रेत सापडलं तेव्हा लक्षात आलं की हा माणूस आपल्यासाठी मेलाय.

आता त्याचा मुलगा बहादूर खान गादीवर आला, त्याच्या मनात काय असेल सांगा. १६०० च्या सुरुवातीला दानियाल नगरकडे जाताना बुऱ्हाणपूरवरून गेला, तर बहादूर भेटायला गडाखाली उतरलाच नाही. शहजादा दारातून जातोय आणि मुजरा नाही म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने उघड बंड. दानियाल तिथेच त्याला धडा शिकवायला निघाला होता पण अकबराने सांगितलं तू नगर बघ, याला मी बघतो, आणि स्वतः माळव्यातून खाली आला. माझं मत विचाराल तर चूक मुघलांची आधी आणि बहादूरची नंतर. फक्त बहादूरकडे राग होता, बापाकडे होतं ते डोकं नव्हतं.

प्रश्न (भुसावळहून) : असीरगड लढून घेतला की फितुरीने? दोन्ही वाचलंय.

दोन्ही वाचलंय कारण दोन्ही लिहिलेलं आहे. मुघल दरबारचे लोक सांगतात की गडात माणसं-जनावरं कोंबलेली, रोगराई झाली, पाय सुजायचे, नजर जायची, लोक हैराण झाले आणि गड खाली केला. त्यात तथ्य आहे, अकबराचा दरबारी आणि इतिहासकार अबुल फजल, त्याच्या लोकांनी मालेगड नावाचा खालचा कोट आधीच घेतलेला होता आणि वरचे कोंडले गेले होते.

जेझुइट म्हणजे ख्रिस्ती पाद्री वेगळं सांगतात, आणि ते जास्त रंगतदार आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अकबराने स्वतःच्या शिरावर हात ठेवून शपथ घेतली की बोलणी करायला खाली ये, तुला सुखरूप परत पाठवतो. बहादूर गळ्यात कापड अडकवून आला, वाकला, तर एका सरदाराने त्याला धरून जमिनीवर लोळवलं आणि परत जाऊच दिलं नाही. किल्लेदार हबशी होता, म्हातारा पण खमक्या, त्याने तरीही गड दिला नाही. त्याचा मुलगा बोलणी करायला गेला तो मारला गेला, म्हाताऱ्याने जीव दिला आणि मग वरच्या लोकांना सोनं-चांदी वाटून दरवाजे उघडले. व्हिन्सेंट स्मिथसारख्या ब्रिटिश इतिहासकाराने पाद्र्यांचंच खरं धरलं, बाकीच्यांनी म्हटलं पाद्री पोर्तुगीजांच्या बाजूने बोलणार कारण गडावर पोर्तुगीज तोफची होते. मला विचाराल तर रोगही होता आणि पैसाही चालला, तोफांनी तो गड पडलेला नाही हे मात्र दोन्ही बाजू मान्य करतात. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात टाकला, फारुकी संपले.

अकबराला घाई पण होती, कारण तिकडे अलाहाबादला सलीमने बंडाची तयारी चालवली होती. नाहीतर तो दख्खन असा अर्धवट सोडून गेला नसता. गेला, आणि जाताना हे सगळं २८ वर्षांच्या पोराच्या गळ्यात टाकून गेला. फतेहपूर सिक्रीला बुलंद दरवाज्यावर आजही कोरलेलं आहे की बादशहाने दख्खन आणि दानदेश, ज्याला आधी खानदेश म्हणत, जिंकला. जिंकल्याचा दगड सिक्रीला आणि डोकेदुखी बुऱ्हाणपूरला.

प्रश्न (धरणगावच्या एक वाचक) : ताईंचा नमस्कार. आमच्या गावाचं नाव 'आइन-ए-अकबरी'त आहे असं माझे सासरे सांगायचे. खरं आहे का? आणि त्या शहजाद्याच्या काळात आपल्या भागातली माणसं कशी जगत होती, राजे-रजवाड्यांपेक्षा ते सांगा ना.

ताई, सासरे बरोबर सांगायचे. 'आइन-ए-अकबरी' म्हणजे अबुल फजलने लिहिलेला अकबराच्या राज्याचा तपशील, त्यात त्याने सुभा दानदेश म्हणून वेगळं प्रकरण लिहिलंय आणि त्यात धरणगाव आहे, कापडासाठी. चांगलं कापड विणतात, त्यातलं सिरीसाफ आणि भिरौं हे धरणगावहून येतं असं लिहिलंय. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी तुमच्या गावाचं कापड दिल्ली-आग्र्याच्या दफ्तरात नावानिशी माहीत होतं. चोपडा मोठं गाव म्हणून आहे, तापी-गिरणेच्या संगमावरचं रामेश्वर आहे, तापी-पूर्णेच्या संगमाचं चांगदेव आहे.

सुभ्याची हद्द सांगताना एका टोकाला बोरगाव आणि दुसऱ्या टोकाला लळिंग, ७५ कोस लांबी. रुंदी ५० कोस, जामोदपासून माळव्याच्या बाजूला पालपर्यंत. परगणे ३२. पडीक जमीन जवळपास नाहीच म्हणतो, खेडी पण शहरासारखी वाटावीत अशी, आणि शेतकरी कष्टाळू आणि शांत. पीक मुख्य ज्वारी, काही ठिकाणी वर्षाला तीन वेळा येते आणि तिचा धांडा इतका गोड की लोक फळासारखा खातात. हे वाचून मला हसू आलं, बादशहाचा एवढा मोठा दरबारी आपल्याकडे येऊन गेला आणि त्याला लक्षात काय राहिलं तर धांडा! अजूनही बांधावर बसून चोखणारी पोरं आहेतच की. तांदूळ, फळं, विड्याची पानं पण भरपूर लिहिलीत. आणि सैन्यात कोळी, भिल्ल, गोंड, त्यातले काही सिंह माणसाळवतात अशी गोष्ट त्याने ऐकली तशी लिहून टाकली.

पण ताई खरी मेख पुढे आहे. सुभ्याचा वसूल १,२६,४७,०६२ वऱ्हाडी टंके (तेव्हाचं नाणं), आणि त्याच्या पुढच्याच ओळीत, असीर जिंकल्यावर यात निम्म्याने वाढ केली. एक टंका २४ दामांचा धरून एकूण ४५,५२,९४,२३२ दाम. रुपयाला ४० दाम, म्हणजे एक कोटी तेरा लाख रुपयांच्या वर. लढाई नुकतीच होऊन गेलेली, बुऱ्हाणपूरच्या आसपास वर्षभर लाखभर माणसं-घोडे-हत्ती चरून गेलेले, आणि लगेच आकारणी दीडपट. फॉरवर्डमध्ये 'दानियालने खानदेशचा विकास केला' लिहिलंय ना, त्याला हा आकडा पाठवा. ज्या मुलुखात नवीन राज्य येऊन वर्ष झालं नाही तिथे सुभेदार कितीही चांगला असता तरी लोकांना त्याचं नाव प्रेमाने का घ्यावंसं वाटेल? दानदेश हे नाव म्हणूनच दफ्तराबाहेर गेलंच नाही, शहजादा मेला आणि दफ्तर पण खानदेशवर परत आलं.

प्रश्न (चाळीसगाव, कॉलेजचा विद्यार्थी) : सर, चार वर्षांत त्याने नेमकं केलं काय? एमपीएससीला दोन मार्काला येईल इतकं पण मिळत नाहीये.

दोन मार्काचंच आहे मित्रा, टेन्शन घेऊ नको. सरपंचाच्या खुर्चीवर एक जण असतो आणि कारभार दुसराच हाकतो हे आपण बघतोच, तसं तिथे खुर्ची दानियालची आणि कारभार सासऱ्याचा. खानखानान आणि अबुल फजल दोघं कारभारी दख्खनमध्ये, दोघांचं एकमेकांशी पटत नाही. मग १६०२ च्या ऑगस्टमध्ये अबुल फजल दरबारात परत जाताना सलीमच्या सांगण्यावरून वीरसिंह बुंदेल्याने त्याला मारला, एक कारभारी कमी झाला.

अडचण अशी की नगरचा किल्ला पडला तरी निजामशाही पडली नव्हती. मलिक अंबरने परांड्याला नवा निजामशहा बसवला, दुसरीकडे राजू दख्खनी नावाचा सरदार दौलताबादच्या बाजूला स्वतःचा बाजार मांडून बसला. दोघं एकमेकांचे वैरी पण मुघलांना त्रास द्यायला एकदम एकत्र. समोरासमोर लढत नाहीत, रसद तोडतात, मागून येतात, डोंगरात गायब होतात. नांदेडजवळ खानखानानच्या मुलाने, इरजने, अंबरला हरवलं, अंबर जखमी झाला, तह झाला. पण तह म्हणजे दोघांनी दम खाल्ला इतकंच. त्यानंतर पुढची वीस-पंचवीस वर्षं अंबरने मुघलांना काय दाखवलं ते तुझ्या पुस्तकात असेलच.

दानियालच्या नावावर स्वतःची म्हणावी अशी एकच मोठी गोष्ट, लग्न. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी सुलतान बेगम. बोलणी वर्षानुवर्षं रखडलेली, मुघल वकील मीर जमालुद्दीन विजापूरला जाऊन बसलेला. शेवटी १६०४ ला पाठवणी झाली आणि पैठणजवळ गोदावरीच्या काठी लग्न लागलं. नवरीसोबत विजापूरकडून कोण आला तर इतिहासकार फिरिश्ता, तो नंतर बुऱ्हाणपूरपर्यंत गेला, म्हणून आपल्याला हे इतकं तपशिलात माहीत आहे. आणि गंमत बघ, लग्नाला निघालेल्या या फौजेला राजूच्या लोकांनी वाटेत इतकं छळलं की जालन्याहून खानखानानला मदतीला बोलवावं लागलं. सुभेदार स्वतःच्या लग्नाला स्वतःच्या सुभ्याच्या कडेने नीट जाऊ शकत नाही, यावरून ताबा किती होता ते समज. हे लिही पेपरात, परीक्षक खुश होईल.

प्रश्न (धुळ्याहून) : बंदुकीच्या नळीतून दारू पिऊन मेला म्हणतात. काहीतरीच वाटतं.

काहीतरीच वाटतं खरं, पण ही गोष्ट बाजारगप्पा नाही, थोरल्या सावत्र भावाने, म्हणजे सलीमने, जो पुढे जहांगीर बादशहा झाला, स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलीय.

दानियालचं पिणं इतकं वाढलं की अकबर आग्र्याहून फर्मानांवर फर्मानं पाठवायला लागला, बोलावलं तर पोरगा जाईना. शेवटी खानखानानला हुकूम झाला की याच्यावर पहारा बसव, थेंब आत जाता कामा नये. सासऱ्याने बसवला. आता व्यसनी माणूस काय करतो, रडतो, हातापाया पडतो, आणि जवळच्या नोकराला पटवतो. दानियालला शिकारीच्या बंदुकांचा भारी शौक, एका बंदुकीचं त्याने नाव ठेवलेलं 'यका-ओ-जनाजा', म्हणजे हिची गोळी ज्याला लागली तो तिरडीवरच गेला. तिच्यावर त्याने शेर पण केलेला. मुर्शिद कुली नावाच्या बंदूकवाल्याला तो म्हणाला, याच बंदुकीत भरून आण. बंदुकीला कोण अडवणार, शिकारीचं सामान ते. त्या माणसाने बक्षिसाच्या आशेने दोनदा गाळलेली कडक दारू नळीत ओतली. आत जुन्या बारूदची काजळी, लोखंडाचा गंज, सगळं त्या दारूत उतरलं. दानियाल प्यायला आणि पडला तो उठलाच नाही.

आता गंजाने माणूस लगेच मरतो का, तर डॉक्टर लोक नाही म्हणतील. बरीच वर्षं पिऊन शरीर पोखरलेलं होतं, काही दिवस बंद पडून एकदम कडक पोटात गेली, मला वाटतं त्या दारूनेच मारलं. १६०५ च्या सुरुवातीची गोष्ट, बुऱ्हाणपूरला, वय ३२. मुराद गेला, हा गेला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अकबर पण गेला. जहांगीर हे सगळं लिहितोय आणि स्वतः तो दिवसाला किती घ्यायचा ते त्याच पुस्तकात त्याने कबूल केलंय, म्हणजे तिघांपैकी वाचला तो फक्त जास्त पचवत होता म्हणून.

त्याच जहांगीरने भावाबद्दल चांगलं पण लिहिलंय. दिसायला देखणा, बोलायला गोड, हत्ती-घोड्यांचं वेड. कोणाकडे चांगला घोडा आहे असं कानावर आलं की तो घेतल्याशिवाय राहायचा नाही, म्हणजे बुऱ्हाणपूरच्या सरदारांनी आपली चांगली जनावरं लपवून ठेवली असतील! आणि हिंदी गाणी आवडायची, अधूनमधून इथल्या लोकांच्या भाषेत कवित्त करायचा, बरं करायचा असा शेरा आहे. सासरा रहीम आणि जावई हिंदी कविता करणारा, दोघांची बैठक बसत असेल तर ती ऐकायला मजा आली असती. वाईट माणूस नव्हता तो, फक्त त्याला सुभेदार करायला नको होतं.

प्रश्न (जळगावच्या एक वाचक) : त्याच्या मुलाबाळांचं काय झालं?

वाईट झालं. तहमुरास, बायसंघर आणि होशंग हे तीन मुलगे जहांगीरच्या दरबारात वाढले. १६१० ला आग्र्यात जहांगीरने तिघांना चक्क ख्रिस्ती करवलं, डॉन फेलिपे, डॉन कार्लोस, डॉन हेन्रिक अशी नावं पण दिली. पाद्री हुरळून गेले, पुढे पोरांनी क्रूस परत केले आणि विषय संपला. तहमुरास तर जहांगीरचा जावई झाला. पण १६२८ च्या जानेवारीत शाहजहान गादीवर येताना लाहोरला जे पाच शहजादे मारले त्यात तहमुरास आणि होशंग होते. गादीवर त्यांनी कधी हक्क पण सांगितला नव्हता, अकबराचे नातू होते एवढाच गुन्हा.

प्रश्न (नंदुरबारहून) : दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन यातलं काही बघता येईल का?

येईल. सोपं म्हणजे लळिंग, धुळ्याहून नाशिककडे हायवेलाच लागून, अर्ध्या दिवसाचं काम. थाळनेरचे मकबरे तुम्हाला जवळ, कोरीव काम बघाच आणि तापीत पोरांना उतरू देऊ नका. दोन दिवस असतील तर बुऱ्हाणपूर. जामा मशिदीत फारुकींचा शिलालेख आहे, अरबी आणि त्याच्यासोबत संस्कृत, मशिदीत संस्कृत वंशावळ हे पोरांना दाखवा. तापीकाठचा शाही किल्ला, आणि तिथून वीसेक किलोमीटरवर खांडव्याच्या रस्त्याला असीरगड. गडावर पाणी सोबत न्या, चढ दमवणारा आहे, आणि सकाळी लवकर निघा म्हणजे दुपारी दराबा (तिथली मिठाई) खायला बुऱ्हाणपुरात परत याल.